चिठ्ठीशिवायचा ड्रॉप

माझ्या डाव्या डोळ्याला आता फक्त मधलं दिसतं. समोर माणूस उभा असला तर त्याचं तोंड दिसतं, खांदे दिसत नाहीत. जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं. उजवा डोळा बऱ्यापैकी शाबूत आहे. दोन्ही मिळून माझं काम चालतं.

मी महानंदा. परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यात आमचं औषधांचं दुकान आहे. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी ते सुरू केलं. मी डी. फार्मसी केलेली आहे आणि दुकानाच्या लायसन्सवर फार्मासिस्ट म्हणून माझं नाव आहे. त्यामुळं हे मला न कळता झालं, असं म्हणायची सोय नाही. ज्या औषधानं माझा डोळा गेला त्याचे दुष्परिणाम मी परीक्षेत लिहिले होते आणि त्या प्रश्नाला मला पूर्ण मार्क मिळाले होते.

ज्यांच्या घरात कोणाचे डोळे दर वर्षी लाल होतात, खाजतात आणि एका ठरावीक बाटलीनं पांढरेशुभ्र होतात, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय.

खाज

माझं माहेर गेवराईकडचं, तलवाड्याचं. तिथं असताना डोळ्यांचा कधी त्रास नव्हता. लग्न होऊन सिरसाळ्याला आले आणि दुसऱ्याच वर्षी पाऊस उघडल्यावर डोळे खाजायला लागले. रस्त्याकडेला गाजरगवत माजलेलं असायचं, बाजारात सोयाबीन यायचं, दुकानासमोरून दिवसभर जड वाहनं धुरळा उडवत जायची. कशाची ॲलर्जी ते कधी नक्की कळलं नाही. ज्यांना ही खाज माहीत नाही त्यांना सांगून समजत नाही. चोळलं की दोन मिनिटं बरं वाटतं, मग दुप्पट सुटते. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या आणि डोळ्यांतून पांढऱ्या तारा निघायच्या.

आप्पांनी माझे डोळे बघितले, कपाटातून एक बाटली काढली आणि म्हणाले, "हे घाल. दिवसातून चार बार. उद्यापर्यंत डोळे पांढरे होतेत."

झालेही. मला तर जादू झाल्यासारखंच वाटलं. सासरी येऊन वर्षच झालेलं, आणि सासऱ्यानं माझं दुखणं न विचारता ओळखलं याचंच मला अप्रूप होतं.

त्या बाटलीत स्टेरॉइड होतं. आठ-पंधरा दिवस डॉक्टरांच्या सांगण्यानं घालायचं ते औषध. मी ते अकरा वर्षं घातलं. आधी फक्त पावसाळ्यानंतर, मग उन्हाळ्यातही, मग खाज सुटेल तेव्हा. बाटली संपली की हात वर करून दुसरी घ्यायची. इतर लोकांना त्यासाठी दुकानात तरी यावं लागतं. मी दुकानातच बसलेली.

चिठ्ठ्या

दुकानात येणाऱ्या चिठ्ठ्यांबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

लाल डोळ्यांसाठी आमच्याकडं तऱ्हेतऱ्हेच्या चिठ्ठ्या यायच्या. कोणी नुसता ॲलर्जीचा ड्रॉप लिहिलेला, कोणी त्यासोबत स्टेरॉइड, कोणी अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकाच बाटलीतलं. दोन बहिणींचे डोळे सारखेच लाल, एक अंबाजोगाईला दाखवून आलेली, एक गावातल्याच दवाखान्यात, तर दोघींच्या हातात वेगवेगळी औषधं. चांगले डॉक्टर औषधाच्या पुढं 'सात दिवस' किंवा 'दोन आठवडे' असं लिहायचे. पण ते बारीक अक्षरात, कोपऱ्यात. पेशंटला तो कोपरा वाचता यायचा नाही आणि आम्ही वाचून दाखवायचो नाही.

चिठ्ठी एकदाच यायची. पुढच्या वेळी रिकामी बाटली यायची, "असंच द्या." त्याच्या पुढच्या वेळी बाटलीही नाही, "ते गुलाबी टोपणाचं." आम्ही द्यायचो. देताना मला कधी काही वाटलं नाही. मी स्वतःच ते घालत होते ना.

परात

बारीक अक्षरं वाचायला त्रास व्हायला लागला म्हणून मी चष्म्याचा नंबर काढायला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात गेले. वय सदतीस. चष्मा लवकर लागतोय, एवढंच मनात होतं. तसं पाहिलं तर आधीही काही गोष्टी घडल्या होत्या. दुकानाच्या शटरच्या पट्टीला माझा डावा खांदा दोन-तीनदा आपटला होता. काउंटरच्या डाव्या टोकाला उभी असलेली एक बाई चिडून म्हणाली होती, "कवाची उभी हाय मी, बघनात की." मी म्हटलं लक्ष नव्हतं.

दवाखान्यात नंबर तपासून झाल्यावर डॉक्टर मॅडमनी डोळ्यांचा दाब मोजला. निळा उजेड डोळ्याजवळ आणला, बाजूला केला, परत आणला. मग खुर्ची मागं सरकवून विचारलं, "डोळ्यात काही घालता?"

"कधीमधी. ॲलर्जीचा ड्रॉप."

"कधीमधी म्हणजे?"

"दोन-तीन महिन्यांतून."

मी खोटं बोलले. का, ते आजही नीट सांगता येत नाही. त्यांनी व्यवसाय विचारला नव्हता, तरी मला वाटलं की तो माझ्या कपाळावर लिहिलेला आहे.

मग मला एका अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथं परातीएवढा मोठा, आतून पांढरा गोल असतो. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं. कडेला कुठंही उजेडाचा बारका ठिपका लागला की हातातलं बटण दाबायचं. उजवा डोळा झाला. मग डावा. दोन-चारदा बटण दाबलं आणि त्यानंतर काही लागेचना. मी बराच वेळ थांबले. शेवटी मशीनवर बसलेल्या दादाला विचारलं, "बंद पडलं का हो?"

तो म्हणाला, "न्हाई ताई. चालूच हाय."

मला कळलं ते तिथं. अहवाल, दाबाचे आकडे, नसेचा फोटो हे सगळं नंतर आलं. त्या अंधारात बटणावर अंगठा ठेवून बसले होते आणि समोर ठिपके लागत होते, मला दिसत नव्हते.

बाहेर आल्यावर मॅडमनी समजावलं. डोळ्याचा दाब वाढून आतली नस वाळते, त्याला काचबिंदू म्हणतात. दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून कळत नाही. माझ्या डाव्या डोळ्याची नस बरीच गेली होती, उजव्याची सुरुवात होती. "या वयात एवढा दाब सहसा आपोआप होत नाही," त्या म्हणाल्या. "आता खरं सांगा. कोणता ड्रॉप, आणि किती?"

मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. कागदावर लिहीत राहिल्या आणि लिहून झाल्यावर म्हणाल्या, "आजपासून बंद."

माझे मिस्टर, वैजनाथ, सोबत आले होते; परतीच्या वाटेवर परळी लागली. तिथं चहाला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला माहीत नव्हतं का हे?"

"होतं."

"मग कावून घातलंस?"

त्यांनी आपला चहा तसाच ठेवला आणि उठून गाडीपाशी जाऊन उभे राहिले. पुढं दोन-तीन महिने आमच्यात या विषयावर नीट बोलणं झालं नाही. स्वयंपाकघरात मदत करायचे, औषधाच्या वेळा त्यांच्याच मोबाइलवर लावलेल्या, पण बोलायला बसलं की त्यांचा आवाज चढायचा आणि मग ते बाहेर निघून जायचे. आजारी माणसावर रागावता येत नाही आणि राग तर येतो. त्यांचीही अडचण होती.

बंद केल्यावर

ड्रॉप बंद केला आणि चौथ्या दिवशी खाज आली. अकरा वर्षांची दाबून ठेवलेली खाज. डोळे सुजून बारीक झाले, उजेड सहन होईना. मॅडमनी साधा ॲलर्जीचा ड्रॉप आणि अश्रूंसारखे थेंब दिले होते, पण ते हळूहळू काम करणारे. मला सवय अर्ध्या तासात बरं वाटायची.

याच दिवसांत एकदा दुपारी दुकानात एकटीच होते. आप्पा जेवायला घरी गेले होते. ती बाटली वरच्या फळीवर, हात पोचेल एवढ्यावर. मी काढली, टोपणाचं सील फोडलं, मान मागं केली. बाहेर कोणीतरी गाडी लावली आणि माझं लक्ष तिकडं गेलं. तेवढ्यात बाटली खाली ठेवली. मनाचा निर्धार वगैरे काही नव्हता. ती गाडी आली नसती तर मी ड्रॉप घातला असता. त्या दिवसानंतर मी वैजनाथना सांगून त्या बाटल्या कुलपाच्या कपाटात ठेवायला लावल्या आणि किल्ली त्यांच्याकडं दिली.

या काळात आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला सांभाळलं. आप्पांच्या जुन्या धोतराची फडकी करून त्या माठातल्या पाण्यात बुडवायच्या आणि मी आडवी झाले की डोळ्यांवर ठेवायच्या. फडकं कोमट झालं की बदलायच्या. काही विचारायच्या नाहीत. दवाखान्यात नंतर सांगितलं की हा गार पाण्याच्या पट्ट्यांचा उपचार डॉक्टरही सांगतात. आत्याबाईंना ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

स्टेरॉइड बंद झाल्यावर बऱ्याच जणांचा दाब आपोआप उतरतो. माझा उजव्या डोळ्याचा उतरला. डाव्याचा तीन प्रकारचे थेंब आणि गोळ्या देऊनही खाली येईना. महिन्याभरानं मॅडम म्हणाल्या, "ऑपरेशन करावं लागेल. गेलेली नजर त्यानं येणार नाही. आहे ती राहावी म्हणून."

वॉर्ड

बायकांच्या डोळ्यांच्या वॉर्डात मी नऊ दिवस होते. बहुतेक जणी मोतीबिंदूच्या, सत्तरीच्या पुढच्या. सकाळी सहाला सिस्टर दारातून "ड्रॉप, ड्रॉप" अशी हाक मारत यायच्या आणि सगळ्या जणी एकदम माना मागं टाकून पडायच्या. मग चहा, मग तपासणी, मग नातेवाइकांची वाट बघणं. माझा दाब दिवसातून चार-पाचदा मोजायचे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सलाईनमधून दाब उतरवायचं औषध दिलं, त्यानं अंग गार पडलं आणि सारखी लघवीला धावले.

शेजारच्या खाटेवर केजकडच्या गोदावरीबाई होत्या. त्यांची पट्टी निघाली त्या दिवशी सून डबा घेऊन आली. त्यांनी तिच्याकडं टक लावून बघितलं आणि मला हळूच म्हणाल्या, "लई दिवसांनी नीट दिसली. पोरीचे केस पिकले की गं." मग सुनेला जवळ बसवून डब्यातली निम्मी भाकरी तिला खायला लावली. त्या वॉर्डात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

ऑपरेशनला डोळ्याच्या कडेला सुई देतात. ती दुखते. पुढचं दुखत नाही, पण सगळं ऐकू येतं. डॉक्टर कात्री मागत होत्या, आणि मी मनातल्या मनात घरातल्या डब्यांची नावं म्हणत होते, फळीवर आहेत त्या क्रमानं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा सगळं धुरकट होतं. आठ दिवसांनी मधलं स्पष्ट झालं.

ऑपरेशननंतर डॉक्टर सबा, वॉर्ड बघणाऱ्या तरुण डॉक्टर, औषधांचा कागद घेऊन आल्या. त्यात पहिलंच नाव स्टेरॉइडच्या ड्रॉपचं. मी म्हटलं, "मॅडम, हे नको."

त्या खाटेवर बसल्या. "ताई, आता याची गरज आहे. न घातलं तर डोळ्यातलं पाणी बाहेर पडायला ऑपरेशनमधे केलेली वाट सुजून बंद होईल." मग कागद माझ्यासमोर धरला. दर आठवड्याला किती वेळा घालायचं, ते कमी कसं करायचं, कोणत्या तारखेला पूर्ण बंद, आणि मधे कधी दाब मोजायला यायचं, सगळं मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलेलं. "औषध तेच आहे," त्या म्हणाल्या. "फक्त कधी थांबायचं ते यात लिहिलंय."

असा कागद मी बारा वर्षांच्या दुकानदारीत पाहिला नव्हता.

आप्पा

पाचव्या दिवशी आप्पा आले. दुकान बंद ठेवून आले होते, आणि ते दुकान सहसा कोणाच्या मयतीलाही बंद ठेवत नसत. खाटेच्या पायथ्याशी बसले. बराच वेळ टोपी हातात फिरवली.

"पहिली बाटली मीच दिलती," ते म्हणाले.

"एकच दिलती आप्पा. बाकीच्या मी घेतल्या."

"मला ठावं नव्हतं गं, असं होतंय म्हणून."

"मला ठावं होतं."

जाताना गोदावरीबाईंना म्हणाले, "सून हाय माझी. ध्यान ठेवा." गोदावरीबाईंची पट्टी तेव्हा अजून निघायची होती, एका डोळ्यानंही धड दिसत नव्हतं, पण त्या "व्हय व्हय" म्हणाल्या.

तिसरा प्रश्न

डिस्चार्जनंतर दर आठवड्याला ओपीडीत जावं लागायचं. डॉक्टर सबांच्या टेबलापाशी ॲलर्जीचे पेशंट बसायचे. त्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचारायच्या. कोणता ड्रॉप घालता? कोणी लिहून दिला? कधी बंद करायला सांगितला होता? पहिल्याचं उत्तर लोक पिशवीतून बाटली काढून द्यायचे. दुसऱ्याला कोणी डॉक्टरचं नाव घ्यायचं, बरेच जण म्हणायचे, "मेडिकलवाल्यानं दिला." तिसऱ्या प्रश्नाला मी बसले होते तेवढ्या वेळात एकानंही उत्तर दिलं नाही.

मी बाकावर काळा चष्मा लावून हे ऐकत होते. "मेडिकलवाल्यानं दिला" हे शब्द कानावर पडले की मान खाली जायची. तिथं बसल्या बसल्या मला एकेक गिऱ्हाईक आठवायला लागलं. मळणीयंत्रावर काम करणारा एक जण, एक शिंपीण, बाजारातला हमाल. आणि कौसल्याची पोरगी.

कौसल्या जवळच्या वस्तीवर राहते, कापूस वेचायला, खुरपायला जाते. तिची अश्विनी सहावीत. दोन वर्षांपूर्वी पोरीचे डोळे आले तेव्हा एका डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी घेऊन ती आली होती. त्यावर 'दहा दिवस' होतं. त्यानंतर ती दर महिन्याला येत राहिली आणि मी देत राहिले.

मला स्वतःला एक मुलगी आहे, ईश्वरी, अश्विनीपेक्षा वर्षानं लहान. तिचे डोळे लाल झाले होते तेव्हा मी तिला आमच्या कपाटातलं काही घातलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडं नेलं होतं. लहान पोरीच्या डोळ्याशी खेळ नको, असं मी वैजनाथना म्हटल्याचंही मला आठवत होतं. ही गोष्ट मी ऑपरेशननंतर बरेच दिवस कोणाला सांगितली नाही.

वस्तीवर

घरी आल्यावर आठवतील त्या सगळ्यांना फोन केले. काही जण हसले. हमाल म्हणाला, "मला त्यानं लई बरं वाटतंय ताई, तुमी कावून घाबरवायल्या?" शिंपीण दुसऱ्याच दिवशी तपासायला गेली. कौसल्याचा फोन लागत नव्हता. मग वैजनाथ म्हणाले, "चल, मी नेतो." त्या प्रकरणानंतर त्यांनी स्वतःहून काही म्हणण्याची ती पहिली वेळ.

कौसल्या दारात ज्वारी निवडत होती. मला बघून उठली, चटई टाकली. माझा चष्मा, डोळ्याची लाली बघून म्हणाली, "काय झालं ओ ताई तुमाला?"

मी सगळं सांगितलं. ड्रॉपचं, दाबाचं, ऑपरेशनचं. आणि मग म्हटलं की अश्विनीचा तोच ड्रॉप आहे, आज बंद कर आणि तिला तपासून घेऊ.

तिला पटकन समजलं. ज्वारीचं सूप बाजूला सारलं.

"दोन साल घातला तिच्या डोळ्यात," ती म्हणाली. "मी हातानं घातला. तुमी द्यायल्या म्हणून घातला."

"हो."

"तुमच्या पोरीला घातला असता का?"

वैजनाथ माझ्याकडं बघत होते. त्यांनाही ते आठवलं असणार.

"न्हाई," मी म्हटलं. "तिला डॉक्टरकडं नेलं होतं."

कौसल्यानं मला बोल लावले असते तर बरं झालं असतं. ती उठली, आत गेली आणि अर्धी बाटली आणून माझ्यासमोर चटईवर ठेवली. "हे घेऊन जा. तिचं आमचं आमी बघू."

परत येताना वैजनाथनी वाटेत गाडी थांबवली आणि म्हणाले, "खरं बोललीस ते बरं केलंस." पुढं म्हणाले, "मी पण रोज दुकानात बसतो. तू अकरा वर्षं घालायलीस ते मी बघतच होतो. मला तुझ्यावर राग न्हवता तेवढा." त्या दिवसापासून आमचं घरात नीट बोलणं सुरू झालं.

दुकान

दुकानात मी नियम केला. स्टेरॉइडचा डोळ्याचा ड्रॉप नव्या चिठ्ठीशिवाय द्यायचा नाही, आणि दिला तर किती दिवस ते बाटलीच्या खोक्यावर मार्करनं लिहायचं. आप्पांना तो पटला नाही. "दवाखान्यात बसून मीच म्हणलो माझी चूक झाली," ते म्हणाले, "पण म्हणून समद्या गावाला चिठ्ठी मागायची का? लोक दुसरीकडं जातेत."

लोक गेलेही. एकदा मी घरी असताना आप्पांनी वैजनाथकडून किल्ली घेऊन एकाला बाटली दिली. मला कपाट बघून कळलं. आमचं चांगलंच वाजलं. ते दोन दिवस दुकानात आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, आपल्या खुर्चीत बसले आणि मार्कर उचलून विचारलं, "किती दिवस लिहायचं असतंय?" अजूनही ते कुरकुरतात. पण लिहितात.

पुढचं

दोन आठवड्यांनी कौसल्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. सोबत अश्विनी, शाळेच्या कपड्यात, डोळे सुजलेले, दोन्ही हात आईनं ओढणीनं हलकेच बांधलेले. चोळू नये म्हणून.

"कोणत्या वारी बसतेत तुमच्या डॉक्टर?" तिनं विचारलं.

त्याच आठवड्यात आम्ही तिघी एसटीनं अंबाजोगाईला गेलो. डॉक्टर सबांनी पोरीला हसवत हसवत तपासलं. दोन्ही डोळ्यांचा दाब वाढलेला होता. नस मात्र चांगली होती. "वेळेवर आणलंत," त्या कौसल्याला म्हणाल्या, "बहुतेक खाली येईल." खाजेसाठी दुसरी औषधं लिहिली, गार पट्ट्या सांगितल्या, आणि कागदावर मोठ्या अक्षरात काय कधी थांबवायचं ते लिहिलं. कौसल्याला वाचता येत नाही. तिनं कागद अश्विनीला वाचायला लावला, दोनदा.

त्यानंतरच्या महिन्यात दाब खाली आला. दर तीन महिन्यांनी अजून जायचं आहे, मलाही आणि तिलाही. एकाच दिवशी जातो.

कौसल्या माझ्याशी पूर्वीसारखं बोलत नाही. लागेल तेवढं बोलते. औषध आमच्याच दुकानातून नेते, पण खोका उलटासुलटा करून पोरीकडून वाचून घेते आणि मगच पिशवीत टाकते. मला ते बरोबर वाटतं.

मागच्या खेपेला परतीच्या एसटीत तिघींची सीट मिळाली. कौसल्या खिडकीशी, मधे मी, आणि कडेला माझ्या डावीकडं अश्विनी. तिनं वहीत काहीतरी काढून मला दाखवायला धरलं होतं. मला समजलंच नाही. ती दोन-तीनदा म्हणाली, "बघा की काकू," तेव्हा मी मान वळवली.

"तुमाला इकडचं दिसत न्हाई का?" तिनं विचारलं.

"डावीकडचं कमी दिसतं."

"मी इथं बसले तर मी दिसत न्हाई?"

"मान वळवली की दिसतेस."

ती उठली, आमच्या गुडघ्यांवरून पाय टाकत पलीकडं गेली आणि आईला म्हणाली, "आई, सरक. मी काकूच्या ह्या बाजूला बसते." कौसल्यानं माझ्याकडं बघितलं, पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीला टेकून तिला जागा करून दिली.